लेगगार्ड नेमका कोणाला वाचवतो?

नेहमीप्रमाणे या भागाचा लेखी मजकूर इथे देतोय. बोलताना जे तोंडी आलं ते बरंचसं तसंच ठेवलंय, फक्त 'अं', 'म्हणजे' आणि 'काय म्हणतात ते' एवढे काढून टाकलेत. आणि हो, गाडी चालवताना कानात इअरफोन घालून काही ऐकू नका. आमचा पॉडकास्ट तर नकोच नको. घरी पोचा, मग ऐका किंवा वाचा.

आज बोलायचंय बाईकला लावतात त्या लोखंडाबद्दल. लेगगार्ड, क्रॅश गार्ड, इंजिनखालची प्लेट, हँडलवरचे हँडगार्ड. वाशीम, रिसोड, कारंजा, कुठंही जा. नवी गाडी शोरूममधून निघते आणि बहुतेक वेळा लगेच तिला गार्ड चढतो. घरात कोणी विचारलंच, 'काऊन लावला?', तर उत्तर ठरलेलं. 'सेफ्टीसाठी.' आता ही सेफ्टी कोणाची, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. आज आपण तोच विचारणार आहोत. त्यासाठी इंग्लंड, सहारा, लॉस एंजेलिस असं फिरून परत वाशीमला यायचंय.

सुरुवात आपल्या जिल्ह्याच्या नकाशापासून. वाशीम म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. जिल्हा म्हणून मात्र तो तरुण आहे. १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा झाला. तालुके सहा : वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा आणि मानोरा. या जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग जातो. नागपूर ते शिर्डी हा त्याचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला, आणि ५ जून २०२५ ला शेवटचा टप्पा उघडून ७०१ किलोमीटरचा अख्खा रस्ता पूर्ण झाला. कार ताशी १२० ने जाऊ शकते. पण आपल्यापैकी बहुतेकांच्या अंगणात जी गाडी उभी असते, तिला समृद्धीवर प्रवेशच नाही. दुचाकीला बंदी आहे. बंदी योग्य की अयोग्य यावर वाद घालत नाही, त्या वेगात बाईक नसलेलीच बरी. मुद्दा एवढाच, की जिल्ह्यातला सगळ्यात गुळगुळीत रस्ता बाईकवाल्याने फक्त पुलाखालून जाताना पाहायचा.

मग बाईकच्या वाट्याला काय येतं? अकोला–वाशीम–हिंगोली–नांदेड हा १६१ नंबरचा राष्ट्रीय महामार्ग, त्यावरचे ट्रक, तालुक्याला जोडणारे रस्ते, आणि शेवटी शेतात जाणारी पांदण. उन्हाळ्यात धूळ आणि उखडलेली गिट्टी. पावसाळ्यात काळ्या मातीचा असा गारा, की चाक दोन वेढ्यांत जाम. संध्याकाळी सोयाबीनच्या शेतातून अचानक रोही आडवा येतो. कारंजा–सोहोळ अभयारण्याच्या बाजूला असाल तर काळवीटही. एकाच फेरीत डांबर, मुरूम, चिखल आणि जनावर. इंग्रजीत ज्या गाडीला ड्युअल-स्पोर्ट म्हणतात, म्हणजे डांबरावरही चालेल आणि मातीतही, तिचं वर्णन हेच आहे. फरक इतकाच, की आपल्याकडे हा स्पोर्ट नाही. दूध घालायला जाणं आहे.

आधी डोकं

बाईकवर पडल्यावर माणूस कसा वाचेल, याचा विचार करणाऱ्यांत एक नाव फार महत्त्वाचं आहे. ह्यू केर्न्स. ऑस्ट्रेलियात जन्मलेला, इंग्लंडमध्ये काम करणारा मेंदूचा सर्जन. १३ मे १९३५ ला टी. ई. लॉरेन्स, म्हणजे सिनेमावाला 'लॉरेन्स ऑफ अरेबिया', आपल्या ब्रॉ सुपीरियर बाईकवरून जात होता. समोर सायकलवरची दोन मुलं आली, त्यांना चुकवताना तो उडाला. डोक्याला मार लागला. सहा दिवस बेशुद्ध राहून १९ मे ला तो गेला. त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांमध्ये केर्न्स होता.

केर्न्सने हा विषय पुढे सोडला नाही. दुसऱ्या महायुद्धात लष्कराचे निरोपे बाईकवर धावायचे, रात्री दिवे बंद करून. १९४१ मध्ये त्याने एक शोधनिबंध छापला. युद्धाच्या पहिल्या २१ महिन्यांत ब्रिटनच्या रस्त्यांवर २,२७९ मोटरसायकलवाले आणि मागे बसणारे मेले होते. हेल्मेट घातलेले जखमी त्याला सापडले फक्त सात, आणि ते सातही जगले. सात म्हणजे काहीच नाही, आजच्या हिशेबाने असा पुरावा कोणी पुरेसा धरणार नाही. पण ब्रिटिश लष्कराने त्याच वर्षी ड्यूटीवरच्या बाईकस्वारांना हेल्मेट सक्तीचं केलं. सामान्य माणसाला ते सक्तीचं व्हायला ब्रिटनमध्ये १९७३ उजाडलं. म्हणजे लॉरेन्सच्या अपघातानंतर ३८ वर्षं. तेव्हा आपल्याकडे हेल्मेटवरून लोक कुरकुरतात म्हणून आपणच मागास, असं समजायचं कारण नाही.

केर्न्स सोडवत होता तो प्रश्न माणसाचा होता. लेगगार्डचा जन्म वेगळ्या प्रश्नातून झाला.

मग लोखंड

जुन्या बाईकचा विचार करा. इंजिन उघडं, ब्रेकचं पेडल बाहेर, पायदान बाहेर, सायलेन्सर बाहेर. गाडी उभ्या उभ्या जरी आडवी झाली तरी यातलं काहीतरी वाकणार. म्हणून इंजिनच्या पुढे चेसिसला दोन बाजूंना वाकवलेला पाइप लावायचा, म्हणजे गाडी त्या पाइपवर पडेल. कल्पना साधी आहे आणि ती चालते.

आपल्याकडे हे लोखंड रुजलं ते बुलेट आणि राजदूतच्या काळात. १९५५ मध्ये मद्रासला एनफील्ड इंडिया कंपनी उभी राहिली आणि बुलेट इथे जोडली जाऊ लागली. लष्कर आणि पोलीस तिचे मोठे गिऱ्हाईक. साठच्या दशकात एस्कॉर्ट्सची राजदूत आली, मूळ डिझाइन पोलंडच्या एसएचएल गाडीचं. खेड्यापाड्यात दुधाचे कॅन घेऊन फिरली ती ही राजदूत. पुण्याच्या बजाजने १९६० च्या सुमारास इटलीच्या व्हेस्पाचं लायसन घेऊन स्कूटर आणली, तिला पुढे आख्खा पत्रा होता. त्यामुळे पँटवर चिखल कमी उडायचा. लोकांनी त्या पत्र्याभोवतीही पाइपचं कुंपण घातलं. आजसुद्धा ॲक्टिव्हाला चारी बाजूंनी स्टीलचे गार्ड लावून फिरणारे लोक दिसतात ना, ती सवय तिथली. गाडीला ओरखडा येता कामा नये.

आणि यात हसण्यासारखं काही नाही. गाडी हप्त्यावर घेतलेली असते. ती विकायची वेळ कधी येईल सांगता येत नाही. टाकीवर पोचा पडला की गिऱ्हाईक भाव पाडतो. लेगगार्ड ही आपल्याकडे आधीपासूनच मालमत्तेची राखण आहे, शेताला काट्याचं कुंपण असतं तशी.

तिकडे परदेशात मात्र दुसरी गोष्ट घडत होती. १९६८ साली यामाहाने डीटी-१ नावाची गाडी बाजारात आणली. हलकी, २५० सीसी, रस्त्यावर चालवायची परवानगी असलेली आणि जंगलात घालता येईल अशी. अमेरिकेत ती धडाधड खपली. मातीत चालवणारे लोक पडतात. रोज पडतात, त्यात लाज नसते. तर त्यांना काय हवं होतं? इंजिनखाली दगड लागून चेंबर फुटू नये म्हणून जाड प्लेट. झुडपाची फांदी बोटांवर बसू नये आणि पडल्यावर क्लचची दांडी तुटू नये म्हणून हँडगार्ड. सायलेन्सर वर उचललेला. पुढचा मडगार्ड चाकाला चिकटलेला नाही, वर, मोकळा. हा मडगार्ड लक्षात ठेवा, आपल्या काळ्या मातीसाठी त्याच्याकडे परत यायचंय.

मग आलं डकार. थिएरी साबीन नावाचा फ्रेंच माणूस १९७७ मध्ये एका रॅलीत वाळवंटात हरवला, जेमतेम वाचला, आणि परत येऊन त्याने ठरवलं की आता इतरांनाही तिथे न्यायचं. माणसाची अक्कल कशी चालते बघा. २६ डिसेंबर १९७८ ला पॅरिसहून पहिली पॅरिस–डकार निघाली. यामाहाच्या एक्सटी ५०० वर सिरिल नव्हू जिंकला. १९८० मध्ये बीएमडब्ल्यूने आर ८० जी/एस आणली आणि पुढच्याच वर्षी ह्युबर्ट ओरिओल तिच्यावर डकार जिंकला.

या बीएमडब्ल्यूचं इंजिन बघण्यासारखं असतं. दोन सिलिंडर, दोन्ही बाजूंना आडवे बाहेर आलेले, बैलाच्या शिंगांसारखे. गाडी पडली की आधी सिलिंडर जमिनीला लागणार. एका अर्थी पायाला आडोसा, पण सिलिंडरचं झाकण फुटलं की तेल वाळूत. म्हणून त्या सिलिंडरभोवती पाइप. आज ॲडव्हेंचर बाईकच्या फोटोत टाकीपर्यंत चढलेला जो मोठ्ठा पिंजरा दिसतो, त्याच्यामागे ही वाळवंटाची गरज आहे. शेकडो किलोमीटरवर गॅरेज नाही. चेंबर फुटलं तर माणूस धडधाकट असूनही संकटात. तिथे गाडी वाचणं म्हणजेच माणूस वाचणं, आणि माझ्या मते आजचा सगळा गोंधळ नेमका इथूनच आलाय.

लॉस एंजेलिसची ९०० प्रकरणं

सत्तरच्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत हॅरी हर्ट नावाच्या प्राध्यापकाने एक काम केलं. त्याची टीम लॉस एंजेलिसमध्ये मोटरसायकलच्या अपघाताच्या जागी स्वतः जाऊन उभी राहायची. घासल्याच्या खुणा मोजायच्या, गाडी बघायची, हेल्मेट बघायचं, जखमा कुठे झाल्या ते नोंदवायचं. असे ९०० अपघात त्यांनी तपासले, वर पोलिसांचे ३,६०० रिपोर्ट वाचले. १९८१ साली अहवाल आला. बाईकच्या जगात त्याला नुसतं 'हर्ट रिपोर्ट' म्हणतात.

त्यात एक आकडा आहे जो ऐकून मी थांबलो होतो. धडकेच्या क्षणी वेग किती होता, याचा मधला आकडा ताशी सुमारे ३५ किलोमीटर. म्हणजे निम्मे अपघात याच्याही खालच्या वेगात. ३५ म्हणजे आपण पाटणी चौकात भाजी घ्यायला जाताना असतो तो वेग.

आणि क्रॅश बारबद्दल काय निघालं? त्याने दुखापत कमी होत नाही. घोट्याला आणि पावलाला होणाऱ्या जखमा थोड्या कमी झाल्या, पण तेवढ्याच मांडीला, गुडघ्याला आणि नडगीला वाढल्या. बेरीज-वजाबाकी शून्य.

असं का होतं ते समजून घेऊ, कारण हे एकदा डोक्यात बसलं की गार्ड विकत घेतानाची सगळी गणितं बदलतात. बाईक दोन तऱ्हांनी पडते. एक, ती घसरून आडवी होते. इथे गार्डचा पाइप जमिनीला लागतो, गाडी आणि जमीन यांच्यात फट राहते, पाय त्या फटीत असेल तर चिरडत नाही. चांगलं आहे. दुसरी तऱ्हा म्हणजे धडक. कार वळली आणि तुम्ही तिला जाऊन आदळलात. इथे गाडी थांबते, तुम्ही थांबत नाही. अंग पुढे जातं. पाय पायदानावरून सुटून पुढे फेकला जातो आणि त्याच्या वाटेत काय असतं? तोच लोखंडी पाइप. जो पाय मोकळा फेकला गेला असता तो पाइपात अडकतो. घोटा वाचतो, गुडघा जातो.

इंग्रजांनी यावर उपाय करून बघितला. ऐंशीच्या दशकात त्यांच्या सरकारी रस्ते संशोधन प्रयोगशाळेने पायासाठी खरोखरचं संरक्षण बनवायला घेतलं. नुसता पाइप नाही, दाबला जाऊन धक्का खाणारं आवरण आणि गुडघ्यासमोर मऊ भाग. त्यांच्या चाचण्यांत पाय वाचत होते. कंपन्यांनी आपल्या चाचण्या केल्या, तर त्यांना दिसलं की पाय वाचतो, पण गाडी वेगळ्या दिशेने फिरते आणि डोकं जोरात आदळतं. दोन्ही बाजूंनी आकडे, दोन्ही बाजूंनी शास्त्रज्ञ. भांडण इतकं चिघळलं की आधी चाचणी कशी करायची हेच ठरवावं लागलं. १९९६ मध्ये त्यासाठी आयएसओ १३२३२ नावाचं आंतरराष्ट्रीय मानक निघालं. पुतळा कसा बसवायचा, धडक कोणत्या कोनात द्यायची, सगळं त्यात आहे. पायाचं ते संरक्षण मात्र शोरूमपर्यंत कधी पोचलंच नाही.

कंपन्यांना खर्च नको होता म्हणून त्यांनी खोडा घातला, असं म्हणणारे आहेत. असेलही. पण मला वाटतं यात प्रश्न खरोखरच अवघड होता. कारला डबा असतो, आत पट्टा असतो. बाईकला यातलं काही नाही. एक अवयव धरून ठेवला की दुसरा फेकला जातो.

आपल्या कायद्याने काय बघितलं

आता भारतात या. १९८९ चे केंद्रीय मोटर वाहन नियम, त्यातला १२३ नंबरचा नियम. मागे बसायची सोय असलेल्या मोटरसायकलला काय काय पाहिजे? मागच्या माणसाला धरायला पक्की मूठ. पाय ठेवायला पायदान. आणि मागचं चाक किमान अर्धं झाकेल असं आवरण, मागच्याचे कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून. आपला साडीगार्ड!

लेगगार्डचा त्या नियमात उल्लेख नाही. म्हणजे चालवणाऱ्याच्या गाडीला ओरखडा येऊ नये हे कायद्याने बघितलं नाही. एका बाजूला दोन्ही पाय सोडून, मांडीवर पोरगं घेऊन मागे बसलेल्या बाईचा पदर कुठे जाईल, हे बघितलं. लोखंडाच्या या सगळ्या इतिहासात माणसासाठी म्हणून आलेला तुकडा मला तरी हाच दिसतो, आणि तो आपल्या इथला आहे.

गंमत काय होते माहितीये? ॲडव्हेंचर लूक करायचा म्हटलं की पहिला बाहेर निघतो तो साडीगार्ड. 'दिसायला खराब दिसतो भाऊ.' आणि त्याच दिवशी, त्याच गॅरेजमध्ये, पुढे दुप्पट वजनाचा क्रॅश गार्ड चढतो. गाडीचं संरक्षण वाढलं, आईचं कमी झालं.

कायद्याचं निघालंच आहे तर अजून एक. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना पत्र लिहून गाड्यांना बाहेरून बसवलेले क्रॅश गार्ड आणि बुल बार यांच्यावर कारवाई करायला सांगितलं. कारणं होती पायी चालणाऱ्यांना आणि गाडीत बसलेल्यांना असलेला धोका. जीप-कारच्या पुढचे ते भलेमोठे लोखंडी जबडे आठवा. नंतर जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही म्हटलं की कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत मालकाने मनाने बदल करायचे नाहीत. मी वकील नाही. पण बाईकला टोकदार, बाहेर दोन वीत आलेला गार्ड करून घेणाऱ्याने त्या पत्रातला पायी चालणाऱ्याचा मुद्दा तेवढा वाचावा. बैलगाडीच्या बाजूने काढताना तो गार्ड कशाला लागेल, एवढा विचार केला तरी पुरे.

इम्पल्सपासून सीटी११०एक्सपर्यंत

भारतात कंपनीची तयार ड्युअल-स्पोर्ट गाडी म्हणून हीरोची इम्पल्स २०११ मध्ये आली. १५० सीसी, उंच, लांब शॉकअप. लोकांनी कौतुक केलं आणि घेतली नाही. मग २०१६ मध्ये रॉयल एनफील्डची हिमालयन आली, २०१९ मध्ये हीरोची एक्सपल्स २००. दोन्ही जमिनीपासून २२० मिलिमीटर उंच, दोन्हींना इंजिनखाली प्लेट. २०२० मध्ये चाकणच्या कारखान्यातून केटीएमची ३९० ॲडव्हेंचर निघाली. यूट्यूबवर लडाखच्या व्हिडिओंचा पूर आला आणि त्यासोबत गार्डांचा बाजार.

पण वाशीमसाठी खरी ड्युअल-स्पोर्ट कोणती, असं मला विचाराल तर मी २०२१ मध्ये आलेल्या बजाजच्या सीटी११०एक्सचं नाव घेईन. हसू नका. कंपनीने स्वतःच पुढे जाड क्रॅश गार्ड दिला, इंजिनखाली प्लेट दिली, मागे सामान बांधायला कॅरिअर दिलं. बजाजला हे डोकं कुठून आलं? त्यांची बॉक्सर आफ्रिकेत युगांडापासून नायजेरियापर्यंत टॅक्सी म्हणून धावते. तिथे एका गाडीवर तीन माणसं, केळीचे घड आणि लाल चिखल. तिथली गरज आणि आपल्या पांदणीची गरज यात फार फरक नाही. लडाखला वर्षातून एकदा जायच्या गाडीपेक्षा रोज शेतात जाणाऱ्या गाडीला हे लोखंड जास्त लागतं.

लागतं, हे मी मुद्दाम म्हणतोय. आत्तापर्यंतचं ऐकून कोणाला वाटेल की गार्ड काढून भंगारात टाकावा. तसं नाही. गावापासून सहा किलोमीटरवर पांदणीत गाडी घसरली आणि क्लचची दांडी तुटली, तर गाडी ढकलत घरी यायचं आहे. पावसात, अंधारात. डकारचा नियम तिथे लागू होतो. गार्डने तुम्हाला धडकेतून वाचवलं नाही, पण घरी आणलं.

तर काय बसवायचं? पहिली इंजिनखालची प्लेट. काळ्या मातीत एक काळजी घ्यायची : प्लेट आणि इंजिन यांच्यामध्ये चिखल बसतो, वाळला की विटेसारखा होतो. इंजिनला वारा लागत नाही, ते तापतं. प्लेटला भोकं असलेली घ्या आणि पावसाळ्यात ती पाण्याने धुऊन काढत जा. दुसरे हँडगार्ड. नुसते प्लास्टिकचे वाऱ्यापासून आणि फांदीपासून वाचवतात. दांडी वाचवायची असेल तर आत ॲल्युमिनिअमची पट्टी असलेले, दोन ठिकाणी बोल्ट होणारे लागतात. ते परवडत नसतील तर एक फुकटची युक्ती आहे, मातीत चालवणारे सगळे वापरतात. दांडीचा क्लॅम्प हँडलवर अगदी आवळून टाकायचा नाही. एवढाच घट्ट, की रोजच्या वापरात हलणार नाही, पण जोरात मार बसला तर फिरेल. फिरली की तुटत नाही.

लेगगार्ड तिसरा. वेल्डिंगवाल्याकडे करून घेण्यापेक्षा त्या गाडीसाठीच बनवलेला घ्या. साध्या लोखंडाचा पाइप वाकतो, आणि वाकण्यातच धक्का जिरतो. खूप कडक, जाड केला तर मार थेट चेसिसवर जातो. वाकलेला गार्ड दोन-तीनशेत सरळ होईल, वाकलेली चेसिस आयुष्यभर गाडी एका बाजूला ओढेल. बसवल्यावर हँडल दोन्ही टोकांना पूर्ण फिरवून बघा, आणि पुढचा शॉकअप दाबून चाक कुठे घासत नाही ना ते बघा. आणि तुमचा गुडघा पुढे फेकला गेला तर पाइप कुठे येतो, हे गाडीवर बसून एकदा स्वतः बघा.

आता तो मडगार्ड. आपल्या मातीत चिकणमातीचं प्रमाण जास्त, पाणी लागलं की फुगते आणि धरून ठेवते. साध्या गाडीचा पुढचा मडगार्ड चाकाच्या अगदी जवळ असतो. त्यात गारा भरला की चाक फिरणं बंद, गाडी आडवी. म्हणून पावसाळ्यात काही लोक पुढचा मडगार्डच काढून टाकतात, काही काडीने माती उकरत बसतात. ड्युअल-स्पोर्ट गाडीचा वर उचललेला मडगार्ड यासाठीच असतो. आपल्याकडे पडल्यावरच्या बंदोबस्ताची चर्चा फार होते, पण पडणं टाळणारा हा प्लास्टिकचा तुकडा कोणी मोजतच नाही. तीच गोष्ट एबीएसची. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना ते सक्तीचं झालं. रोही समोर आला की पाइपापेक्षा ते कामाला येतं.

आणि माणसाचं संरक्षण कुठे पोचलं? तर अंगावर. ६ जानेवारी २०२१, सौदी अरेबियातलं डकार. सी. एस. संतोष, बंगळुरूचा गडी, २०१५ मध्ये डकार पूर्ण करणारा पहिला भारतीय बाईकस्वार. हीरोच्या गाडीवर होता. चौथ्या टप्प्यात तो फार वाईट पडला. डोक्याला मार, खांदा निखळलेला, डॉक्टरांनी त्याला औषधाने बेशुद्ध ठेवलं. तो वाचला, भारतात परतला. त्याच वर्षीपासून डकारमध्ये बाईकस्वारांना एअरबॅगचं जाकीट सक्तीचं झालं होतं. म्हणजे ज्या रॅलीने जगाला लोखंडी पिंजऱ्याची हौस लावली, ती रॅलीच आता माणसाच्या अंगावर, पाठीवर, छातीवर बघते आहे.

आपल्याला एअरबॅगचं जाकीट परवडणार नाही, ठीक आहे. केर्न्सचं हेल्मेट परवडतं. २०२२ मध्ये भारतात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं मेली. हेल्मेट नव्हतं अशी त्यात ५०,०२९ होती. आणि त्यातली १४,३३७ मागे बसलेली होती.

मागे बसलेली म्हणून आठवण करतो. रामनवमीला पोहरादेवीची यात्रा असते. मानोऱ्याच्या रस्त्याने बाईकच बाईक, एकेकीवर अख्खं कुटुंब. मागे आई, मावशी, आजी. ॲडव्हेंचर लूकसाठी काढलेला साडीगार्ड गोठ्यात कुठंतरी पडला असेल, तो निघायच्या आधी परत बसवा. बोल्ट हरवले असतील तर कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतात.

भेटू पुढच्या भागात.